खाचेखालचं पाणी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकलं की गोष्ट कानापर्यंत येते. पुढे येऊन बसलं की ती मांडीवर येऊन बसते. टाळ जरा बाजूला ठेवा, गूळपाणी घ्या. आज तुम्हाला एका पाण्याची गोष्ट सांगतो. ते कुणाची तहान भागवायला नव्हतं. आणि एका बाईची सांगतो, जिला ते पाणी मुळीच नको होतं.

कुंभवलीच्या पुढे कारखान्यांच्या भिंती संपतात आणि ताडांची रांग लागते. तिथे उतारावर एकोणीस घरांचा पाडा होता. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली, वर गवताचं छप्पर, दारापुढच्या मांडवावर वर्षभराचा पेंढा. वैशाखात दुरून पाहिलं तर वाटे, कुणी घरटी ओळीने उन्हात वाळत घातलीत. विहीर खाली ओहोळाच्या काठाला, गाडीरस्ता वर. पश्चिमेला समुद्र, डोळ्यांना न दिसणारा पण कातडीला कळणारा.

बाईचं नाव नवसी. नवरा देवू, आणि देवूची आई बायडी. म्हातारीचे डोळे गेले होते, पण वारा कुठल्या अंगाने आला ते तिला गालावर कळायचं. एकुलती मुलगी माहीमकडे दिलेली. तीन माणसं, दोन बैल, आणि रस्त्याला लागून एक लहानसं खाचर. लहान, पण चिकण मातीचं. पाऊस गेल्यावरही पाणी धरून राहणारं. त्या खाचराचा तांदूळ चुलीवर चढला की वास शेजारच्या उंबऱ्यापर्यंत जायचा.

ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला, एका वैशाखात, वरच्या अंगाची सात घरं जळाली. कारखान्यांच्या वसाहतीतला आगीचा बंब आला, लालभडक, घंटा वाजवत. पोरंबाळं आग विसरून त्याच्याकडे पाहत राहिली. पान चघळून थुंकावं एवढ्या वेळात त्याचं पाणी संपलं.

"पानी किधर है?" ड्रायव्हर ओरडत होता. "अरे, कोई पानी तो बताओ!"

लोकांनी विहीर दाखवली. पाईप उलगडत उतारावरून निम्म्यापर्यंत गेला आणि तिथेच सरला. नवसी कळशी घेऊन धावत होती. तिच्या कळशीतलं पाणी भिंतीवर पडायच्या आत वाफ होऊन तिच्याच तोंडावर येत होतं.

सगळं निवल्यावर बंबावरचा मुख्य माणूस देवूच्या ओट्यावर येऊन टेकला. खंडेराव त्याचं नाव. घाटावरचा, मिशांत राख.

"बाबा, आमच्या गाडीच्या पोटात असतं ते पहिल्या घरापुरतं. पुढचं पाणी गावानं द्यायचं असतं. रस्त्याच्या कडेला, गाडी उभी राहील तिथं, छातीभर पाण्याचं तळं असतं ना, तर आज चार-पाच घरं तरी मी वाचवली असती."

"नुसतं पानी पायजे?" देवूने विचारलं.

"पाणी पाहिजे, आणि पाईपाच्या तोंडाखाली सपाट दगड पाहिजे. चिखल ओढला की पंप बसला."

देवूने मान हलवली. तो अशी मान हलवायचा की समोरच्याला वाटावं, याला काही कळलं नाही.

जळालेली सातही घरं पावसाआधी पुन्हा उभी राहिली. भात झोडून झालं तसं देवूने कुदळ उचलली आणि रस्त्याकडेच्या त्या खाचरातच पहिला घाव घातला. नवसी बांधावर उभी राहून बघत राहिली.

"डोकं फिरलं काय तुजं? येवढं एक सोन्यासारकं खाचर हाय."

"म्हनून तं. पानी धरतं."

"आनि आपन खायचं काय? बंब?"

"बंब आपल्याला नाय खात गो. आपन त्याला पाजायचं."

ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी डोक्यावर चुंबळ ठेवून खड्ड्यात उतरली, कारण त्याला एकट्याला माती वर काढताना बघणं तिच्याने होईना. पौष गेला, माघ गेला. पाटीखाली तिची मान आखडायची, सकाळी भाकरी थापताना ती वळायची नाही. निघालेल्या मातीत देवूने नदीचे गोटे घालून रस्त्याकडेला गाडी उभी राहील एवढी जागा चोपून घट्ट केली. शेजारचा जानू, नात्याने भाचा, येताजाता काठावर उभा राही.

"मामा, खाली दर्या लागला का सांग! मी जालं घेऊन येतो."

"ये. येताना पाटी बी आन," देवू खालून म्हणे.

देवूला कीर्तनाचं वेड. कुंभवलीला मारुतीच्या देवळात उत्सवाचं कीर्तन असलं की तो चपलांच्या ढिगाशी बसून ऐकायचा. बुवांनी एकदा सांगितलं होतं, देवाने गाईगुरांसाठी पेटलेला वणवा गिळला. सगळी सभा डोळे मिटून डोलत होती. देवू घरी येऊन नवसीला म्हणाला, "गिलला खरा. पन गिलायला घोटभर पानी नको काय? देवाचा घसा झाला तरी."

नवसी हसली होती तेव्हा. खड्ड्यात पाटी भरताना ते आठवून तिला रागही यायचा आणि पुन्हा हसूही.

ज्येष्ठात खड्डा पुरा झाला, आणि त्याच आठवड्यात नवसीचा पाटा हरवला. तिच्या आईने लग्नात दिलेला, काळ्या दगडाचा, मधोमध झिजून होडीसारखा झालेला. वरवंटा कोपऱ्यात उभा, पाटा नाही. नवसीने घर पालथं घातलं. देवू म्हणाला, "आसंल कुटं तरी," आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. तेवढ्यात जानूच्या बायकोच्या, काशीबाईच्या, परसात नवा पाटा दिसला.

"बाजारातून घेतला बोयसरच्या. वडारनीकडून," काशीबाई म्हणाली.

"माजा गेला त्याच दिसाला?"

"मंग काय तुला विचारून घेऊ?"

"चोरानं चोरी करताना विचारायचं नसतं, त्ये मला ठावं हाय."

दोन्ही घरांमध्ये एक कुडाची भिंत आणि एक शेवग्याचं झाड. त्या दिवसापासून भिंतीला कान राहिले, तोंड राहिलं नाही.

पावसात खड्डा काठोकाठ भरला. देवूने खैराचा एक खांब मधोमध रोवला होता. छातीच्या उंचीला कोयत्याने त्यावर खाच पाडली होती. सगळ्या पाड्याला बोलावून त्याने सांगितलं, "खाचेवरचं पानी तुमचं. गुरांना पाजा, धुनी धुवा. खाचेखालचं बंबाचं. त्याला देवाला बी हात लावू देनार नाय."

त्या साली पाऊस गणपतीआधीच उठून गेला. आणि माघात देवूला हिवताप भरला. तीन दिवस तो घोंगडीखाली थरथरत होता, चौथ्या दिवशी शांत झाला. दुपारची वेळ, कुडाच्या फटींतून ऊन येऊन त्याच्या छातीवर बारीक काड्यांसारखं पडलेलं. त्याने नवसीचं मनगट धरलं.

"खाच सांबाल."

"सांबालते."

"आनि पाटा..." तो म्हणाला. "नवसे, तुजा पाटा..." पुढे शब्द आला नाही, नुसता श्वास आला.

मरताना माणसाला माझ्या पाट्याचं दुःख होतं, एवढंच नवसीला कळलं. काशीबाई मयताला आली, दाराशी उभी राहिली, तेव्हा नवसीने तोंड फिरवलं.

चैत्रात विहिरीने तळ दाखवला. बायका ओहोळाच्या वाळूत झिरा खणून करवंटीने पाणी भरू लागल्या. एक हंडा भरायला दोन विड्या ओढून होत. आणि इकडे रस्त्याच्या कडेला, उघड्यावर, नवसीचं तळं खाचेला टेकलेलं. निळं, गप्प. सकाळी त्यात ताडांची डोकी उलटी उतरायची, बगळे काठावर एका पायावर उभे राहायचे, जणू त्यांनाही खाचेचा नियम सांगितलाय. नवसी रिकामा हंडा घेऊन त्याच्या शेजारून झिऱ्यावर जायची. स्वतःसाठी तिने तांब्यासुद्धा बुडवला नाही.

एक दिवस बायका सरळ हंडे घेऊनच आल्या. पुढे काशीबाई. वर्षानंतर ती पहिल्यांदा बोलली, तेही नवसीकडे न बघता, पाण्याकडे बघून.

"मानसं सुकली तरी चालतील, पन बंबाला तहान नको लागाया."

"खाचेखालचं हाय," नवसी म्हणाली.

"कोन बघतंय? ज्यानं खाच पाडली तो गेला."

"तो गेला म्हनूनच."

"भुताली!" मागून कुणीतरी म्हणालं. "पान्यावर बसलेली भुताली."

भुताळी म्हणजे चेटकीण. तो शब्द तिकडे हलका नाही. ज्या बाईला चिकटतो तिच्या दारातलं शेणसुद्धा कुणी ओलांडत नाही. नवसी काठावर बसून राहिली. पाय पाण्याजवळ, पण पाण्यात नाहीत. बायका बराच वेळ उभ्या होत्या, मग एकेक करून परत गेल्या. त्या दिवसापासून पाडा तिच्याशी बोलेनासा झाला. विस्तव मागायला कुणी येईना. हळदीचं बोलावणं सगळ्या घरी फिरलं आणि तिच्या शेवग्यापाशी येऊन माघारी वळलं.

दुपारी ती ओट्यावर आडवी व्हायची. मोहाचा उग्र गोड वास यायचा, डोळ्यांवर झापड यायची. मग देवू दिसायचा. छातीभर पाण्यात खांबाला धरून उभा, डोक्याला फडकं, ओठ हलतायत. कीर्तनात दूर बसलं की बुवांचे नुसते ओठ दिसतात ना, तसे. ती हाक मारी, "बाहेर ये रे, भिजशील." तो हसून पायाखाली बोट दाखवी. पायाखाली काय आहे ते तिला कधी दिसलं नाही. जाग यायची तेव्हा घसा कोरडा आणि केस मात्र ओले असल्यासारखे गार.

अशाच दिवसांत राब भाजायची वेळ आली.

भाताची रोपं जिथे टाकायची ती जमीन पावसाआधी भाजून घ्यायची, ही तिकडची रीत. शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, गवत, असे थर घालायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. सकाळी लवकर वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, मंद, तेव्हाच पेटवायचं. मग वारा थोडा वेळ थांबतो. आणि उन्हं चढली की समुद्राकडून खारा वारा उठतो तो सरळ पाड्यावर येतो. त्याच्या आत राबाची राख व्हायला हवी. जुनी माणसं हे गालावर ओळखायची. पण कारखाने आल्यापासून भोंगा आला होता, आणि गालाचं काम कानाने घेतलं होतं. पहिला भोंगा सातला, राब पेटवायचा. दुसरा नऊला, उरल्यासुरल्यावर माती लोटायची. दहा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

तो दिवस एक मेचा. कारखान्यांना सुट्टी. पाड्यावर एक मे कुणाला ठाऊक! पहिला भोंगा झालाच नाही. ज्याला त्याला वाटलं, झाला असेल, आपली झोप मोडली नसेल. जानूचा धाकटा भाऊ विश्राम कारखान्यात पॅकिंगला होता. त्याला एकट्याला माहीत होतं, पण तो सुट्टीच्या सुखात तोंडावर चादर घेऊन घोरत पडला होता. जानूने उतारावरचा राब पेटवला आणि दाताळं टेकून दुसऱ्या भोंग्याची वाट बघत बसला.

नवसी दारात भात पाखडत होती. तिला ती सकाळ विचित्र वाटली. संपतच नव्हती. ऊन अंगणभर पसरलं, कोंबड्या सावलीला गेल्या, राबाचा निळा धूर सरळ काठीसारखा उभा राहिला, आणि सकाळ मात्र सकाळच. सुपातले दाणे वर जायचे, जरा तिथेच थांबल्यासारखे व्हायचे, मग खाली यायचे. वाटलं, आपण दुपारच्या त्या स्वप्नात तर नाही? देवू आत्ता खांबाला धरून उभा असेल.

"नवसे," ओट्यावरून बायडी म्हणाली. "वारा फिरला."

"भोंगा नाय झाला अजून."

"भोंग्याला काय ठावं? माजा डावा गाल खारट झाला. जानूला सांग, माती लोट म्हन."

नवसीने मान वर केली. धुराची काठी वाकली होती, पाड्याकडे. जानू तिथे वीस पावलांवर पाठ करून बसला होता. हाक मारली असती तर पोचली असती. हाक घशापर्यंत आलीही. पण तिच्याबरोबर दुसरा एक शब्द वर आला, भुताली, आणि दोन्ही एकमेकांत अडकले.

"त्याला कान हायत," ती म्हणाली. "भोंगा ऐकल."

तिने सूप पुन्हा वर केलं. दाणे खाली यायच्या आत जळतं गवत जानूच्या मांडवावरच्या पेंढ्यात पडलं.

पेंढ्याची आग आवाज करत नाही सुरुवातीला. आधी तो सोनेरी होतो. मग एकदम श्वास घेतो.

"आऽग! विश्राम, उठ! उठ रे!"

विश्राम चादरीसकट बाहेर आला, सायकल काढली आणि अनवाणीच वसाहतीच्या रस्त्याला लागला. जानूचं छप्पर धडधडलं. तिथून उडालेला पेंढा नवसीच्या गोठ्यावर पडला. नवसीने बैलांची दावी कोयत्याने तोडली, बायडीला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्याकडे पळाली. म्हातारी तिच्या कानात पुटपुटत होती, "खारा वारा... सांगितलं व्हतं..." लोक छपरांवर चढून गवत ओरबाडून खाली फेकत होते. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात ओलं गोणपाट. पुढे सतरा छपरं, आणि वारा त्यांच्याच दिशेने.

मग घंटा ऐकू आली.

बंब आला तो देवूने चोपलेल्या जागेवर बरोबर उभा राहिला. खंडेराव उडी मारून उतरला. मिशा आता पांढऱ्या. नवसीला बघून त्याने तेच विचारलं, पण हळू आवाजात, "पाणी?"

नवसीने बोट केलं.

खंडेराव काठापर्यंत धावला. मग ओरडला, "टाका पाईप! खांबाजवळ टाका!"

जाड काळा पाईप पाण्यात उतरला, त्याच्या टोकाला जाळीची टोपली. पंप घुमू लागला. आधी खोकला, मग घोट, मग एकसारखा मोठा घोट. नवसी काठावर बायडीला मांडीशी घेऊन बसली होती. तिला आगीकडे बघवेना. ती पाण्याकडे बघत होती. खाच उघडी पडली. खाचेखालचा खांब ओला काळा दिसू लागला, वीतभर, हातभर, दोन हात. उलटी ताडं पाण्यात लहान लहान होत गेली. वर छपरांवर पाणी धनुष्यासारखं वाकून पडत होतं आणि त्यात, भर आगीत, सात रंग उभे होते.

कुणीतरी गिळतंय, तिला वाटलं. घोट घोट घेऊन कुणीतरी सगळा वणवा गिळतंय.

पाणी घोट्याएवढं उरलं तेव्हा आग विझली. जानूचं घर गेलं, नवसीचा गोठा गेला. बाकीची घरं ओली, काळवंडलेली, पण उभी होती. रडणारे रडत होते, हसणारे हसत होते, आणि बरेचजण दोन्ही करत होते.

खंडेराव पाईप काढायला स्वतः खड्ड्यात उतरला. टोपली उचलून खाली वाकला.

"मावशी, हा दगड कुणी घातला? टोपलीच्याच मापाचा आहे. जरासुद्धा चिखल ओढला नाही पंपानं." त्याने हाताने गाळ बाजूला केला. "अहो, हा तर पाटा आहे!"

काळ्या दगडाचा, मधोमध झिजून होडीसारखा झालेला. त्या होडीत ओंजळभर पाणी उरलं होतं आणि एक बोटाएवढा मासा त्यात उलटसुलट वळत होता.

सगळा पाडा काठावर आला. काशीबाईचे केस होरपळलेले, लुगडं ओलं. तिने पाट्याकडे बघितलं, मग नवसीकडे. नवसी बसल्या जागी हसू लागली. हसता हसता तिने कपाळ गुडघ्यांवर टेकलं आणि खांदे हलू लागले.

"मेल्या," ती म्हणाली. "मला विचारलं आसतंस तं दिला नसता काय?"

"नसता दिलास," बायडी म्हणाली. "माजा लेक तुला वलखून व्हता."

काशीबाई तिच्याजवळ खाली बसली. नवसीने गुडघ्यांवरून कपाळ उचललं. "काशे, वारा फिरलेला मला कललेला. म्हातारीनं सांगितलं. मी बोलली नाय. तुजं घर माज्या तोंडानं जललं."

काशीबाईने ओल्या पदराने तोंड पुसलं, राख आणखीच पसरली.

"आनि आमी तुज्याशी बोलत व्हतो?" ती म्हणाली. "उगी राव."

जानू खड्ड्यात उतरला. पाट्याखाली हात घालून उचलू लागला. "मामी, कुटं ठेवू? घरात?"

नवसीने डोळे पुसले. "ठेव तिथंच. बंबाच्या तोंडाखालचा हाय तो. आनि त्या माशाला ओहोलात सोड, झिरा हाय तिथं."

"मंग तू वाटशील कशावर?"

नवसीने शेवग्याकडे बघितलं. तो एका अंगाने करपला होता, पण उभा होता. आता दोन घरांमध्ये भिंत नव्हती.

"काशीच्या पाट्यावर," ती म्हणाली. "चोरीचा नाय ना गो?"

"वडारनीला विचार," काशीबाई म्हणाली, आणि त्या वर्षात पहिल्यांदा पाड्यावर दोन बायका एकदम हसल्या.

पावसाला सुरुवात व्हायच्या आधी सगळ्या पाड्याने मिळून तो खड्डा आणखी हातभर खोल केला. जानू पाटी घेऊन आला होता. खाच मात्र जिथल्या तिथेच ठेवली. नवसीच्या दुपारच्या झोपेत देवू पुन्हा आला तो पाण्याबाहेर, काठावर बसलेला, पाय वाळवत. ओठ हलत होते. या वेळी तिला ऐकू आलं. काय, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

आता उठायच्या आधी एक मागणं. पुढल्या वैशाखात कुठल्या वाटेवरून जाताना रस्त्याकडेला एखादं गप्प, न उपसलेलं पाणी दिसलं, तर तहान लागली असली तरी जरा थांबा. आणि ज्याने बायकोचा पाटा चोरून अठरा उंबरे राखले, चपलांच्या ढिगाशी बसून कीर्तन ऐकणाऱ्या त्या देवूची, एकदा आठवण काढा.